आईचा कल्चर रिपोर्ट आणि पोटातले फेज: जाणकारांनो, जरा सांगा

सुरसागरकाठी | शुक्रवार, रात्री ११:४८

मंडळी नमस्कार. बऱ्याच दिवसांनी लिहितोय आणि धागा जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

आईला (वय ७४, शुगर आहे) चौदा महिन्यांत पाचव्यांदा लघवीचं इन्फेक्शन झालं. पहिल्या दोन वेळा आम्ही डॉक्टरकडे गेलोच नाही, आता कशाला लपवू, गल्लीच्या तोंडाशी केमिस्ट आहे ओळखीचा, त्याला नुसतं "बाने बळतरा थाय छे" (आईला जळजळ होतेय) म्हटलं की तो कात्रीने पट्टी कापून हातावर ठेवतो. पाच दिवस घ्या म्हणाला होता, तिसऱ्या दिवशी आईला बरं वाटलं, उरलेल्या गोळ्या देवघराशेजारच्या डब्यात पडल्या आणि पुढच्या खेपेला त्याच घेतल्या. शिव्या घाला, ऐकून घेईन.

आता शेवटी लघवीचं कल्चर केलं, म्हणजे जंतू वाढवून त्यावर कुठलं औषध चालतं ते बघायची तपासणी. ई. कोलाय, ईएसबीएल पॉझिटिव्ह, म्हणजे बरीच अँटिबायोटिक फोडून टाकणारा जंतू. खाली औषधांची रांग आणि प्रत्येकासमोर एक अक्षर, सिप्रोफ्लॉक्सासिन आर, सेफिक्झिम आर, सेफ्ट्रिआक्झोन आर, कोट्रायमॉक्साझोल आर... आर म्हणजे रेझिस्टंट, ते औषध त्या जंतूवर चालत नाही. बाबा माझं प्रगतीपुस्तक असंच बोट ठेवून वरून खाली बघायचे. तळाला चार एस (चालणारी औषधं) मिळाले तेव्हा कुठे श्वास सोडला.

डॉक्टर म्हणाले हे जंतू बाहेरून येत नाहीयेत, आईच्याच आतड्यात वस्तीला आहेत आणि तिथूनच परत परत येतात. ते डोक्यात घेऊन रात्री वाचत बसलो तर कळलं की आतड्यात जंतूंना मारणारे व्हायरस पण असतात, बॅक्टेरिओफेज, आणि तेही अब्जावधींनी. मग प्रश्न असा की हे पहारेकरी आईच्या पोटात आहेत तर झोपलेत का? त्यांना उठवता येतं का काही खाऊन, पिऊन? की हे पण व्हॉट्सॲप विद्यापीठातलंच?

मगरमित्र | शुक्रवार, रात्री ११:५५

फेज झोपला असेल तर वीजवाल्यांना फोन लावा, आमच्या अलकापुरीत मंगळवारी गेला होता, तीन तासांनी उठला.

हलके घ्या. आईंना लवकर आराम पडो.

पेट्रीडिश | शनिवार, सकाळी ७:१०

सुरसागरकाठी, आधी सांगा आईंना ताप, थंडी, पाठीत दुखणं असलं काही नाही ना? असेल तर धागा बाजूला ठेवा आणि दवाखाना गाठा.

नसेल तर वाचा. मी मायक्रोबायोलॉजीवाली, महाराजा सयाजीराव विद्यापीठातली जुनी विद्यार्थिनी, लॅबमध्ये बावीस वर्षं झाली, त्यामुळे लांबण लागणार.

"उठवता येतं का" इथेच सगळी मेख आहे. आतड्यातले बहुतेक फेज झोपलेलेच असतात, आणि झोपलेलेच बरे. फेज दोन तऱ्हेचे असतात. एक दरोडेखोर. जंतूच्या अंगावर बसला, शेपटीतून आपला डीएनए आत सोडला, अर्ध्या तासात जंतू फुटला आणि शंभर-दोनशे नवे फेज बाहेर. पुस्तकात चांद्रयानासारखं चित्र असतं बघा, डोकं, शेपटी, सहा पाय, तो टी४, तो ह्यातला. दुसरे घरजावई. हे आत जातात आणि जंतूच्या डीएनएतच घुसून बसतात, म्हणजे सासऱ्याच्या सातबाऱ्यावर आपलं नाव चढवून घेतात. जंतूची एकाची दोन झाली की जावईपण दोन. वर्षानुवर्षं काही त्रास नाही, मारामारी नाही. पण घरावर संकट आलं, जंतूचा डीएनए तुटायला लागला, की जावई खडबडून उठतो, भराभर आपली पिलावळ तयार करतो आणि घर पाडून निघून जातो.

आता ही जाग आणणारं सगळ्यात ओळखीचं औषध कुठलं? सिप्रोफ्लॉक्सासिन आणि त्याची भावंडं. जंतूचा डीएनए तुटणं हाच त्यांचा मार्ग. म्हणजे केमिस्टने कापून दिलेल्या पट्टीत हेच असेल (बहुधा असेल) तर तुम्ही तीन-तीन दिवस आईंच्या पोटातल्या जावयांना उठवत होतात. आणि जाता जाता ते कधीकधी सासरचं एखादं भांडं उचलून पुढच्या घरी नेतात, म्हणजे एका जंतूची जीन दुसऱ्यात. उंदरांना अँटिबायोटिक देऊन २०१३ मध्ये बघितलं होतं, त्यांच्या आतड्यातल्या फेजमध्ये रेझिस्टन्सच्या जीन वाढलेल्या दिसल्या. २०१७ मध्ये दुसऱ्या लोकांनी असले आकडे परत तपासून सांगितलं की मोजणी फुगलेली आहे, फेज अशा जीन फार क्वचित बाळगतात. भांडण चालू आहे. पण फेज काहीच नेत नाहीत असं कोणी म्हणू नये, कॉलऱ्याचं विष बनवणारी जीन मुळात जंतूची नाहीच, ती एका फेजने आणून दिलेली आहे, हे १९९६ मध्येच दाखवलंय.

कामावर निघतेय, पहारेकऱ्यांचं संध्याकाळी लिहिते.

मंगळबाजार | शनिवार, सकाळी ९:३२

घरजावई!! चहा सांडला माझा.

विरजणकाका | शनिवार, दुपारी १:०५

पेट्रीडिशताई, आमच्या जुन्या वैऱ्याची आठवण काढलीत. मी चौतीस वर्षं डेअरीत काढली, कुठली ते नको. तुम्ही लोक फेजना मित्र म्हणताय, आम्हाला विचारा.

दही लावायचं म्हणजे जंतूच पाळायचे असतात. एका रात्री पाच हजार लिटरचा टँक, दूध व्यवस्थित, विरजणाचं कल्चर व्यवस्थित, तापमान ४२, सगळं नेहमीसारखं. दर तासाला सॅम्पल काढून ॲसिडिटी बघायची. ०.१५, ०.२०, ०.३० पर्यंत चढली आणि तिथेच बसली. अडीच वाजले, तीन वाजले, काट्यासारखी अडकलेली. दही ०.७ च्या आसपास गेल्याशिवाय बसत नाही. हाताखालचा पोरगा म्हणतो काका अजून थोडं कल्चर घालू, घातलं, ते पण मेलं. पहाटे झाकण उघडलं तर आत नुसतं कोमट आंबूस दूध, वर पातळ पाणी. अख्खा टँक गटारात. सकाळी लॅबवाल्याने सांगितलं, फेज. आदल्या दिवशीच्या पनीरच्या पाण्याचे तुषार हवेतून आले असणार, आणि हे बेटे साध्या पाश्चरायझेशनला पुष्कळदा दाद देत नाहीत. तेव्हापासून कल्चर आलटून पालटून वापरायचं, आज एक घराणं, उद्या दुसरं, कारण ह्या फेजला ठरावीक घराणंच लागतं, दुसऱ्याला तो हात लावत नाही.

अवांतर: ते क्रिस्पर, जीन कापायची कात्री, त्यावर २०२० ला नोबेल मिळालं ना, त्याचा एक धागा दह्यापर्यंत जातो. २००७ मध्ये डॅनिस्को कंपनीच्या लोकांनी दाखवलं की दह्याचे जंतू फेजच्या डीएनएचा तुकडा कापून आपल्याकडे जपून ठेवतात, गुन्हेगाराचा फोटो चौकीत लावतात तसा, आणि पुढच्या वेळी आला की ओळखून कापतात. आम्ही टँक गटारात ओतत होतो तेव्हा आत हे चाललं होतं म्हणायचं.

शंकासुर | शनिवार, दुपारी ४:२०

सगळं रंजक आहे, पण आईला औषध काय? मी थोडं खोदलं. ढाक्यात ई. कोलायच्या जुलाबाच्या १२० मुलांवर तोंडातून फेज देऊन बघितले होते, २०१६ मध्ये छापून आलं. अपाय काही नाही, पण उपयोगही काही नाही, फेज एका टोकाने गेले आणि दुसऱ्या टोकाने निघाले, पोटात वाढलेच नाहीत. आणि लघवीच्या इन्फेक्शनचं तर थेट जॉर्जियातच, म्हणजे फेजच्या माहेरी, तिबिलिसीत. प्रोस्टेटचं ऑपरेशन होणाऱ्या लोकांच्या मूत्राशयात फेज सोडले, काहींना अँटिबायोटिक, काहींना नुसतं फेज नसलेलं पाणी. २०२१ चा निकाल: फेज अँटिबायोटिकपेक्षा कमी पडले नाहीत, पण नुसत्या पाण्यापेक्षा सरसही ठरले नाहीत. मग ह्या सगळ्या गाजावाजाला अर्थ काय राहिला?

मगरमित्र | शनिवार, दुपारी ४:३१

शंकासुर आले, आता धागा शंभरी गाठणार.

पेट्रीडिश | शनिवार, रात्री ९:१५

शंकासुर, दोन्ही बरोबर आणलेत. पण ढाक्याचं कारण पण वाचा ना. फेजला वाढायला शिकार पुरेशी लागते आणि त्या मुलांच्या पोटात ई. कोलाय इतके कमी होते की शिकाऱ्याला खायलाच मिळालं नाही, शिवाय बऱ्याच मुलांचे जुलाब भलत्याच कारणाने होते. मोकळ्या माळावर वाघ सोडून हरीण का मारत नाही विचारण्यासारखं आहे ते.

आता पहारेकरी. सुरसागरकाठी, तो शब्द तुम्ही सहज वापरलात पण त्यात तथ्य आहे. आतड्याच्या आतल्या भिंतीवर बुळबुळीत थर असतो, म्यूकस, साध्या भाषेत आतड्याचा शेंबूडच. २०१३ मध्ये सॅन डिएगोत जेरेमी बार आणि फॉरेस्ट रोवर ह्यांच्या गटाने दाखवलं की तिथे बाजूच्या पाण्यापेक्षा फेजची गर्दी जास्त असते. का, तर काही फेजच्या डोक्यावर बारीक आकडे असतात, आपल्या अँटिबॉडीच्या घडणीचे, ते म्यूकसच्या साखरेत अडकतात. फेज तिथे लोंबकळत बसतो आणि भिंतीकडे घुसणारा जंतू आयता सापडतो. म्यूकस बनवणाऱ्या पेशींवर आधी टी४ सोडून मग ई. कोलाय सोडले तर पेशी वाचल्या, म्यूकस नसलेल्यांना तेवढा फायदा झाला नाही. म्हणजे शरीराने बांधलेला पार आणि त्यावर बसायला फुकटचे रखवालदार. मला हा शोध फार आवडतो, पहिल्यांदा वाचला तेव्हा डबा खायचा राहिला होता.

पण दुसरी बाजू. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये २०२० ला उंदरांच्या आतड्यात बघितलं तर त्याच म्यूकसच्या सांदीकोपऱ्यात जंतूही लपून बसतात, फेजची नजर चुकवून. मग दोघंही तिथेच नांदतात, जंतू कमी होतो, संपत नाही. त्यामुळे "फेज प्यायलो, आतड्यातला ई. कोलाय साफ" असं कोणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

आणि आपल्या पोटात सगळ्यात जास्त आढळणाऱ्या फेजबद्दल पण ऐका. क्रासफेज. २०१४ मध्ये सापडला, तोही कोणी मायक्रोस्कोपखाली नाही पकडला, जुन्या डीएनएच्या आकड्यांतून कॉम्प्युटरवर जोडून काढला. साधारण ९७ हजार अक्षरांचा डीएनए, आणि निम्म्याहून जास्त माणसांच्या पोटात. लॅबमध्ये वाढवता यायला २०१८ उजाडलं, आयर्लंडच्या कॉर्क शहरात जमलं. पण तो खातो बॅक्टेरॉइडीस, आपला घरचा साधा जंतू. आईंच्या ई. कोलायकडे तो ढुंकूनही बघणार नाही. काकांनी सांगितलं तेच, प्रत्येक फेजचं घराणं ठरलेलं.

फतेगंजकर | शनिवार, रात्री १०:०२

मी औषध कंपनीतला, क्वालिटी कंट्रोल, आता रिटायर. बडोद्यात अलेंबिक १९०७ पासून आहे, ह्या गावातल्या निम्म्या मराठी घरात कोणीतरी औषधाच्या धंद्यातलं सापडतं, त्यामुळे जरा धंद्याच्या बाजूने.

फेजची गोष्ट पेनिसिलीनपेक्षा जुनी आहे हो. १९१७ मध्ये पॅरिसला फेलिक्स द'एरेल ह्यांना रक्ती आवेच्या रोग्यांच्या शौचात सापडले, म्हणजे पहिल्यापासून हे प्रकरण आतड्यातलंच. १९१९ मध्ये बारा वर्षांच्या मुलाला द्यायच्या आधी त्यांनी स्वतः आणि दवाखान्यातल्या लोकांनी ते पिऊन बघितलं होतं. त्याच्याही आधी १८९६ मध्ये हँकिन नावाच्या इंग्रजाने आग्र्यात गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू काही तासांत मरताना बघितले, आणि पाणी उकळलं की तो गुण जातो हेही लिहून ठेवलं. ते फेजच होते का ह्यावर आजही वाद आहे. तर मुद्दा, कल्पना जुनी, मग औषध का झालं नाही? कारण गोळी म्हणजे एकच रेणू, दहा लाख गोळ्यांत तोच. फेज जिवंत माल. प्रत्येक रोग्याच्या जंतूला वेगळा. मी क्वालिटीची सही कशावर करू? त्यातून जंतू फोडून बनवलेल्या मालात जंतूंचं फुटकं टरफल राहतं, ते रक्तात गेलं तर ताप भरून माणूस थंडीने थरथरतो, ते काढून टाकण्यात अर्धा खर्च.

आणि सुरसागरकाठी, रागावू नका, पण बऱ्याच अँटिबायोटिकच्या खोक्यावर लाल चौकट असते ना, शेड्यूल एच१ ह्या सरकारी यादीतल्या औषधांची, २०१४ पासून आहे, त्यावर लिहिलेलंच असतं की डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नये. कात्रीने पट्टी कापली की ती चौकट कात्रीबरोबरच गेली.

मंगळबाजार | रविवार, सकाळी ८:४०

मला एवढंच सांगा, खायचं काय? भाजीवर असतात का हे? माझ्या भाच्याने अमेरिकेहून डबी आणली आहे, प्रोबायोटिक, त्यावर फेज पण लिहिलंय, दोन महिने घेतेय, मला तरी फरक काही कळला नाही.

पेट्रीडिश | रविवार, सकाळी ९:२५

भाजीवर, मातीत, दह्यात, नळात, सगळीकडे असतात. तुम्ही रोज खाताच. भाजी धुवायची सोडू नका त्यासाठी, कारण त्याच भाजीवर ई. कोलाय पण असतात. आणि त्या डबीतले चारसहा फेज तुमच्या जंतूंच्या घराण्याचे असतीलच असं नाही, खिशाला चाट एवढाच परिणाम नक्की.

भाजीवरून आठवलं, लंडनमध्ये एका पंधरा वर्षांच्या मुलीच्या फुप्फुस बदलल्यानंतर टीबीच्या कुळातला एक चिवट जंतू अंगभर पसरला होता, औषधं संपली होती. अमेरिकेतल्या ग्रॅहम हॅटफुल ह्यांच्याकडे विद्यार्थ्यांनी गोळा केलेल्या हजारो फेजचा साठा, त्यातून तीन निघाले, तिला दिले, तिच्यात सुधारणा झाली, २०१९ मध्ये छापून आलं. त्या तिघांतला एक कुठे सापडला होता माहितेय? दक्षिण आफ्रिकेत एका सडलेल्या वांग्याच्या बुडाखाली. नाव ठेवलं मडी. आणि उरलेल्या दोघांची गंमत अशी की ते मूळचे घरजावई होते, त्यांची झोपायची जीन कापून त्यांना दरोडेखोर करावं लागलं. तर उठवता येतं, पण लॅबमध्ये कात्री घेऊन. पोटात नाही.

मंगळबाजार | रविवार, सकाळी ९:३१

सडकं वांगं! आणि मी काल दोन फेकली.

शंकासुर | रविवार, सकाळी ११:००

एक-एक रोग्याच्या गोष्टी चमत्कारासारख्या वाटतात, म्हणून मी तिकडे बघत नाही. पण जंतू फेजलाही रेझिस्टंट होतो की. मग परत तेच रडगाणं?

पेट्रीडिश | रविवार, दुपारी १२:१८

होतो, आणि दोन दिवसांत होतो. पण फुकट नाही होत. येल विद्यापीठाच्या लोकांना कनेक्टिकटमधल्या डॉज पाँड तळ्यात एक फेज सापडला, २०१६ चं काम. स्यूडोमोनास नावाच्या जंतूवर बसताना तो नेमका त्या पंपाला धरतो ज्याने जंतू अँटिबायोटिक बाहेर फेकतो. आता जंतूची गोची बघा. फेजपासून वाचायचं तर पंप बदलायला हवा, पंप बिघडला की अँटिबायोटिक आत साठतं आणि तो जुन्या औषधाने मरतो. इकडे आड तिकडे विहीर. म्हणूनच बरेच लोक फेज आणि अँटिबायोटिक जोडीने द्यायचं बघतात. प्रत्येक फेज असा गुणी नसतो, शोधावा लागतो.

शोधतात कसे म्हणाल तर मी स्वतः केलंय, एमएस्सीला. काळा घोडाच्या पुलावरून सुतळीला बाटली बांधून विश्वामित्रीत सोडली होती. खाली मगर ऊन खात पडलेली, वर बघ्यांची गर्दी, शेंगदाणेवाला विचारतो "बेन, मगर पकडवो छे?" ते काळं पाणी लॅबमध्ये आणून फिरवायचं, गाळ बसला की बारीक फिल्टरमधून काढायचं, जंतू अडकतात, फेज पार होतात. मग मारायचे ते जंतू त्यात मिसळून पातळ अगरमध्ये (जंतू वाढवायची जेली) प्लेटवर ओतायचं आणि घरी जायचं. सकाळी झाकण उघडलं की प्लेटभर जंतूंची साय धरलेली असते, आणि त्या सायीत टाचणीने टोचल्यासारखी स्वच्छ गोल भोकं. एकेक भोक म्हणजे एका फेजने रात्रभर केलेलं काम. जितकं घाण पाणी तितकी भोकं जास्त, कारण जिथे आपल्या सगळ्यांची आतडी रिकामी होतात तिथेच जंतू आणि त्यांचे मारेकरी एकत्र येतात. त्या दिवशी माझ्या प्लेटवर अकरा होती. मी तीन वेळा मोजली.

मगरमित्र | रविवार, दुपारी १२:२६

त्या मगरींच्या आतड्यात काय काय असेल मग! आपण उगाच घाबरतो त्यांना, त्यांनीच आपल्याला घाबरायला पाहिजे.

(ह्यावेळी गंभीर: ताई, ते भोकांचं लिहिलंत ना, दोनदा वाचलं.)

विरजणकाका | रविवार, दुपारी २:५०

आमच्या लॅबवाल्याने त्या सकाळी तीच प्लेट दाखवली होती मला. मला वाटलं त्याचं अगर खराब झालं.

सुरसागरकाठी | मंगळवार, रात्री १०:१०

सगळ्यांचे आभार, एकेकाला वेगळं लिहीत नाही. अपडेट: ताप-थंडी काही नव्हतं. डॉक्टरांनी रिपोर्टमधल्या चार एसमधून फॉस्फोमायसिन निवडलं, पुडी येते, ३ ग्रॅम, पाण्यात ढवळून एकदाच प्यायची. जळजळ कालपासून नाही. आतड्यातली वस्ती आहे तिथेच आहे, त्याबद्दल ते म्हणाले पाणी भरपूर, लघवी दाबून धरायची नाही, शुगर आटोक्यात, आणि पुढच्या वेळी कल्चरशिवाय एकही गोळी नाही. फेजबद्दल विचारलं तर हसले, म्हणाले वाचून आलात वाटतं, आणि मग दहा मिनिटं बोलत बसले, बाहेर रांग लागली होती तरी.

आईला हा अख्खा धागा वाचून दाखवला. मगरीला हसली, काकांच्या पाच हजार लिटर दुधाला हळहळली. फतेगंजकरांचं कात्रीचं वाक्य आलं तेव्हा काही बोलली नाही. आज संध्याकाळी बघतो तर देवघराशेजारचा डबा रिकामा करून उपडा वाळत घातलाय. गोळ्या कुठे टाकल्या विचारलं तर म्हणाली संडासात.

पेट्रीडिशताई, हे बरोबर झालं की चूक?

पेट्रीडिश | मंगळवार, रात्री १०:२२

चूक. ते सगळं गटारातून जंतूंच्याच ताटात जातं. पुढच्या वेळी पाकिटातून काढून चहाच्या चोथ्यात कालवा, पिशवी घट्ट बांधा आणि कचऱ्यात टाका. आईंना माझा नमस्कार सांगा, आणि रागावू नका त्यांना.